लॉ सीईटीचा टार्गेट स्कोअर कसा ठरवायचा, आपल्या खेड्यातल्या पोट्ट्यापोट्टींसाठी

लॉ सीईटीचा, म्हणजे महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरला की पहिला प्रश्न हाच राहते, किती मार्क लागतात? मंग कोणी सांगते १०० पाहिजेच, कोणी म्हणते ७० वर काम होऊन जाते, आणि दोघंही खरं बोलत असतात कारण दोघांची कॉलेजं वेगळी, कॅटेगरी वेगळी, वर्ष वेगळं. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलूच नका. आकडा तुमच्या कॉलेजपासून मागं मागं येत काढायचा राहते, तेच इथं सांगतो.

मी ३ वर्षांच्या एलएलबीचं धरून बोलतो कारण आपल्या भागात बीए, बीकॉम करून वकिलीकडं वळणारेच जास्त. पेपर १२० प्रश्नांचा, १२० मार्कांचा, दोन तास, कॉम्प्युटरवर. इंग्रजी ४०, जीके आणि चालू घडामोडी ३२, लीगल अॅप्टिट्यूड २४, रिझनिंग २४. निगेटिव्ह मार्किंग नाई. जुनी पुस्तकं आणि जुने व्हिडिओ १५० मार्कांच्या हिशोबाने बोलतात, तो आकडा जसाच्या तसा घेतला तर सगळं गणित चुकते, हे आधी बघून घ्या.

आता कॉलेज. कागदावर तीन नावं लिहा. एक मन लावून पाहिजे ते, एक मिळालं तरी खुशी असं, आणि एक घरून येणं-जाणं जमेल असं. आपल्याकडे नागपूरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे, अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख, यवतमाळचं अमोलकचंद, अकोल्याला लॉ कॉलेज आहे, चंद्रपूरला शांताराम पोटदुखे आहे. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आणि पुण्याचं आयएलएस यांचा कटऑफ (अॅडमिशन मिळालेल्या शेवटच्या पोराचा आकडा) खूप वर जाते, पण खेड्यातले आहोत म्हणून ते नाव लिहायचंच नाई असं करू नका. फक्त घरी बसून बाबांशी आधी बोला की रूमचा, मेसचा खर्च झेपते का. झेपत नसल आणि जायचंच नसल तर त्या कटऑफच्या मागं वर्षभर जीव काढण्यात अर्थ नाई, आणि झेपत असल तर मंग टार्गेट तिथलंच ठेवा, उगाच कमी करू नका.

नंतर सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणारं सरकारी ऑफिस) साईटवर मागच्या वर्षीच्या कॅप राऊंडच्या, म्हणजे एकत्र अॅडमिशनच्या फेऱ्यांच्या, कटऑफ याद्या काढा. मोबाईलवर पीडीएफ उघडते, नाई उघडली तर तालुक्याच्या सेतू केंद्रावर किंवा नेट कॅफेत प्रिंट काढून घ्या. बघताना आपल्या कॅटेगरीचा रकाना बघा, महाराष्ट्राच्या उमेदवारांचा बघा (बाहेरच्या राज्याचा वेगळा राहते), आणि पहिल्या राऊंडवरच थांबू नका, शेवटच्या राऊंडला कुठवर खाली आला तेही लिहा. टार्गेट मात्र पहिल्या राऊंडच्या आकड्यावर ठेवायचं, शेवटचा राऊंड हा आधार समजा. दोन-तीन वर्षांच्या याद्या मिळाल्या तर अजून चांगलं.

इथं एक गोष्ट बऱ्याच पोरांची गडबड करते. पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होते म्हणून निकाल पर्सेंटाईलमध्ये लागते. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० मार्क नाई आणि ९० टक्केही नाई, तुमच्या शिफ्टमधले शंभरातले जवळपास ९० जण तुमच्या बरोबरीला किंवा मागं आहेत एवढाच त्याचा अर्थ. मंग कटऑफवरून मार्क कसे काढायचे? मागच्या वर्षी पेपर दिलेल्या चार-पाच जणांना विचारा, मार्क किती आणि पर्सेंटाईल किती, दोन्ही विचारा. त्यावरून अंदाज येते. पेपर सोपा आला की तेवढ्याच पर्सेंटाईलला जास्त मार्क लागतात, म्हणून आलेल्या अंदाजावर ८ ते १० मार्क चढवून ठेवा. तोच तुमचा टार्गेट.

आता एक पूर्ण मॉक (सरावाचा पेपर) द्या, अभ्यास न करता, घड्याळ लावून, दोन तास उठायचं नाई. समजा ५२ पडले आणि टार्गेट ८० निघालं. २८ मार्क वाढवायचे आहेत. "२८ वाढवायचे" असं डोक्यात ठेवलं तर काहीच होत नाई, ते विषयात वाटावे लागतात. समजा इंग्रजी १४, जीके १८, लीगल १२, रिझनिंग ८ असे ५२ आहेत. रिझनिंग सरावाने लवकर वाढते, ते १७ वर न्या. लीगल २० वर न्या, कारण राज्यघटना, महत्त्वाची कलमं, कायद्यातली लॅटिन वचनं, आयपीसीच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) जागी १ जुलै २०२४ पासून आलेली भारतीय न्याय संहिता, हे सगळं मराठीतूनही वाचता येते. जीके फक्त ३ ने वाढवा, २१, कारण तो समुद्र आहे, त्यात जास्त वेळ घातला तरी तेवढं हाती लागत नाई. राहिलं इंग्रजी, ते २२. मराठी मिडियमचे पोट्टे ४० मार्कांचा हा भाग सोडूनच देतात, आणि सगळ्यात मोठा भाग तोच आहे भाऊ! ग्रामरचे नियम, समानार्थी-विरुद्धार्थी शब्द, रोज एक उतारा, एवढ्यावर ८ मार्क वाढतातच. बेरीज करा, ८० होते.

निगेटिव्ह नाई म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाई. २० प्रश्न अजिबात येत नसले तरी चार पर्यायांतून टिक केले तर सरासरी ५ बरोबर निघतात. पण मॉक देताना हे अंदाजाचे मार्क वेगळे मोजा, नाईतर आपण ८० ला पोचलो असं वाटते आणि खरे ७४ च राहतात.

टार्गेटला तारखा लावताना शेतीचं कॅलेंडर बघा. सोयाबीन निघते तेव्हा आणि कापूस वेचाईच्या दिवसांत घरच्या पोराला, त्यातल्या त्यात पोरीला, अभ्यासाला तेवढा वेळ मिळतच नाई, त्या महिन्यांत मॉकचा आकडा स्थिर राहिला तरी पुरे धरा आणि मोठी वाढ त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा. रात्री लाईनचा भरवसा नसल तर सकाळचे तास पकडा, तालुक्याला कॉम्प्युटरवाली अभ्यासिका असल तर आठवड्यातून एक मॉक तिथं द्या, माऊसवर पेपर द्यायची सवय होते.

बारावीनंतर ५ वर्षांचा कोर्स करणाऱ्यांनो, तुमची विभागणी वेगळी आहे, लीगल ३२, रिझनिंग ३२, जीके २४, इंग्रजी २४, गणित ८, बाकी रीत हीच. आणि नागपूरची नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी डोक्यात असल तर तिथं सीईटी चालत नाई, क्लॅट (नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) द्यावी लागते, त्यात चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात आणि पेपर इंग्रजीतच राहते, त्याचं टार्गेट वेगळ्या कागदावर काढा.

दर तीन-चार मॉकनंतर कागद पुन्हा काढा. सलग तीन वेळा टार्गेट पार झालं तर ५ ने वाढवा. एखादा विषय हलतच नसल तर त्याचे राहिलेले मार्क दुसऱ्या विषयात टाका, एकूण आकडा मात्र खाली आणू नका. आणि जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, ज्याचं जे लागते ते आत्ताच अर्ज करून ठेवा, कारण कॅटेगरीचा कटऑफ धरून टार्गेट काढलं आणि अॅडमिशनच्या वेळी कागदच नसला तर ओपनच्या यादीत जावं लागते.