‘लाल टोपीवाली’ची तुलना करताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापूरच्या शाळा-कॉलेजांत प्रकल्पांचा हंगाम सुरू होतो. ‘एकाच परीकथेची दोन-तीन रूपं घेऊन तुलना करा’ हा विषय कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतोच. त्यात लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा, म्हणजे इंग्रजीतली ‘लिटल रेड रायडिंग हूड’, ही गोष्ट फार लाडकी: आजीकडे निघालेल्या मुलीला वाटेत लांडगा गाठतो आणि मग आजीचं सोंग घेऊन तिला फसवतो. निवड उत्तम आहे, कारण गोष्ट एवढीशी आणि रूपं रग्गड. पण हे कागद तपासायला बसलं की त्याच त्याच चुका समोर येतात. बहुतेकींचं मूळ एकच: समोरची गोष्ट कुणी, कधी, कुणासाठी सांगितली हे न बघता अर्थ लावायची घाई.

‘मूळ गोष्ट’ सापडली असं जाहीर करणं

‘मूळ गोष्ट ग्रिम बंधूंची, बाकी सगळ्या नकला.’ हे वाक्य खोडून खोडून हात दुखतो. जर्मन कथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२चा. त्याच्या ११५ वर्षं आधी, १६९७ साली, शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं ती फ्रेंचमध्ये छापली होती. शिवाय ग्रिमना ती मिळाली हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणींकडून. हे घर चांगलं शिकलेलं होतं आणि त्याचं नातं फ्रान्समधून जर्मनीत आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांशी होतं. त्यामुळे ‘जर्मन शेतकऱ्याच्या चुलीपुढची अस्सल कथा’ वगैरे लिहायच्या आधी जरा थांबा.

हुशार विद्यार्थी मग दुसऱ्या टोकाला जातो: छापील गोष्ट नंतरची, तोंडी गोष्ट आधीची, म्हणून तोंडी तीच मूळ. आधाराला तो १८८५च्या सुमारास फ्रान्सच्या निव्हर्ने भागात आखिल मिलिएं या लोककथा-संग्राहकानं टिपलेली ‘आजीची गोष्ट’ आणतो. गोष्ट आहेच तशी भन्नाट. तिच्यात लाल टोपी नाही. लांडग्याच्या जागी माणूस-लांडगा आहे आणि तो पोरीला विचारतो, सुयांच्या वाटेनं जाणार की टाचण्यांच्या? पोरगी नकळत आजीचंच मांस खाते, रक्त पिते. शेवटी ‘मला बाहेर जायचंय’ म्हणून अंथरुणातून उठते, पायाला बांधलेला दोरा अंगणातल्या झाडाला गुंडाळते आणि पसार होते. शिकारी नाही, बिकारी नाही.

पण ही गोष्ट कागदावर उतरली ती पेरोनंतर जवळजवळ दोन शतकांनी. तिच्यातले काही भाग पेरोपेक्षा जुने असावेत, असं पोल दलारूसारख्या फ्रेंच लोककथा-अभ्यासकानं मांडलं आणि त्याला चांगली कारणं आहेत. तरी तो अंदाजच. तुमच्या तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवा, एक गोष्ट टिपल्याच्या सालाचा, दुसरा तिच्या जुनेपणाच्या अंदाजाचा. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की पुढचं सगळं गणित चुकतं.

हातातलं पुस्तक कुणाचं, हेच न बघणं

पुष्कळदा मुखपृष्ठावर ग्रिम किंवा पेरो असं काहीच नसतं, आणि विद्यार्थी संदर्भात नुसतं ‘परीकथा’ लिहून मोकळा होतो. ओळखायला सोपं आहे. आधी टोपली उघडून बघा. पेरोच्या मुलीकडे गालेत नावाचा चपटा भाजलेला पदार्थ आणि लोण्याचं छोटं भांडं असतं. ग्रिमच्या मुलीकडे केक आणि वाइन. मग शेवट बघा. पेरोचा लांडगा मुलीला खातो आणि विषय तिथंच खल्लास. ग्रिमकडे शिकारी येतो, कात्रीनं पोट कापतो, दोघी जिवंत बाहेर पडतात, लांडग्याच्या पोटात दगड भरले जातात. आजी कपाटात लपून बसली असेल किंवा लांडगा नुसताच पळून गेला असेल, तर ती अलीकडे मुलांसाठी मऊ केलेली आवृत्ती समजा. ती घ्यायलाही हरकत नाही, पण तिच्यावरून ग्रिमवर बोलू नका.

कारण ग्रिमच्या गोष्टीला एक शेपूट आहे आणि छोट्या पुस्तकांत ते बहुधा छाटलेलं असतं. मुलगी पुन्हा आजीकडे निघते, पुन्हा एक लांडगा भेटतो. या वेळी ती वाकड्या वाटेला जात नाही, सरळ आजीचं घर गाठते आणि घडलेलं सांगते. दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजी म्हणते, काल सॉसेज उकडलेलं पाणी आहे, ते दारापुढच्या दगडी कुंडात ओत. वासाला भुलून लांडगा मान पुढे काढतो, घसरतो आणि कुंडात बुडून मरतो. इथं कुणी पुरुष मदतीला आलेला नाही. ‘ग्रिमची मुलगी दुबळी, तिला शिकारीच वाचवतो’ असं ठासून लिहिणाऱ्यांनी हे शेपूट वाचलेलं नसतं.

आईचा उपदेश सगळीकडे चिकटवणं

‘आईचं ऐकलं नाही म्हणून शिक्षा झाली.’ ग्रिमसाठी हे चालेल. तिथं आई वाट सोडू नकोस म्हणून बजावते. पेरोच्या आईनं मात्र पोरीला कसलीच ताकीद दिलेली नाही! लांडग्याशी बोलत थांबणं धोक्याचं असतं हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं, असं पेरो स्वतः सांगतो. त्याचं तात्पर्य शेवटी वेगळ्या पद्यात येतं आणि ते आहे गोडबोल्या, सभ्य दिसणाऱ्या लांडग्यांबद्दल, तरुण मुलींना उद्देशून. कथाकथन स्पर्धेत पेरोचा शेवट आणि ग्रिमचा उपदेश एकत्र शिजवलेला ऐकायला मिळतो. परीक्षकाच्या खुर्चीत बसून ते पचवणं अवघड जातं.

टोपीच्या रंगात अडकणं

मानसविश्लेषक एरिक फ्रॉमनं १९५१ साली लाल टोपी म्हणजे ऋतुप्राप्तीची खूण, असा अर्थ लावला. १९८४ साली इतिहासकार रॉबर्ट डार्न्टननं त्याच्यावर टीका केली. ज्या तपशिलांवर फ्रॉमनं इमला उभा केला, ते शेतकऱ्यांच्या तोंडी गोष्टीत नव्हतेच, हा त्याचा मुद्दा. हा वाद जरूर वापरा. पण लगेच ‘लाल रंग पेरोच्या डोक्यातून आला’ असंही छातीठोकपणे लिहू नका. सुमारे १०२३ साली, आजच्या बेल्जियममधल्या लिएजच्या एग्बर्टनं लिहिलेल्या लॅटिन कवितेत लांडग्याच्या पिलांच्या तावडीतून वाचलेली एक मुलगी आहे आणि तिच्या अंगात बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला लाल अंगरखा आहे. ती हीच मुलगी का, यावर एकमत नाही. माझ्या मते ज्या अर्थाला एकाच आवृत्तीत आधार आहे, तो त्या आवृत्तीपुरताच मांडावा. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या म्हातारीला तिची नातलग ठरवणं

ही चूक खास आपल्याकडची. म्हातारी आहे, जंगल आहे, खायला टपलेलं जनावर आहे, म्हणजे ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ही मराठी लाल टोपीवालीच! अहो, पात्रं सारखी असली तरी ती करतात काय हे बघा. तिथं लांडगा वेश घेऊन फसवतो, आपल्याकडे म्हातारीच वाघाला गंडवते. लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा म्हणते, आणि परत येते ती भोपळ्यात बसून. तिचे खरे सोयरे दुसरीकडे आहेत. इराणात भोपळ्यातून गडगडत येणारी म्हातारी आहे. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या संग्रहातली कुबडी म्हातारी दुध्या भोपळ्यात बसते, आणि शेवटी तिची कुत्री तिला सोडवतात. तुलना हवी तर या तिघींची करा, मजा येईल.

लाल टोपीवालीचे लांबचे नातेवाईक शोधायचेच असतील, तर आजीचं सोंग घेतलेल्या वाघाच्या पूर्व आशियातल्या गोष्टी बघा. मानववंशशास्त्रज्ञ जमशीद तेहरानी यांनी २०१३ साली जगभरच्या अशा गोष्टींची ५८ रूपं संगणकावर जीवशास्त्रातल्या वंशवृक्षाच्या पद्धतीनं तपासली. पूर्व आशियातल्या गोष्टी लाल टोपीवाली आणि ‘लांडगा आणि करडं’ ही दुसरी एक गोष्ट, या दोन्हींच्या मिश्रणातून झाल्या असाव्यात, असं त्यांना दिसलं.

आजीला दुरुस्त करणं

तोंडी रूप गोळा करायला गडहिंग्लज, चंदगड किंवा निपाणीकडच्या आजी मिळाल्या तर सोनं. पण एका ध्वनिमुद्रणात मी असं ऐकलंय:

‘आज्जी, तिथं कोल्हा नसतंय, अस्वल असतंय.’

‘असंल बाबा. मग तूच सांग की.’

आणि पुढं आजींनी नातवाच्या पुस्तकातली गोष्ट सांगून टाकली. कोल्हा गेला, त्याच्याबरोबर त्या गावचं रूपही गेलं. मध्ये बोलू नका. पुस्तकापेक्षा वेगळं काही आलं की कागदावर फक्त फुली मारा आणि नंतर विचारा, हे कुणाकडनं ऐकलं. आजींचं माहेर कुठलं, सासर कुठलं, गोष्ट लहानपणी कानडीत ऐकली की मराठीत, हे वरच्या कोपऱ्यात लिहा. आजींचे शब्द प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका.

आणि गोष्ट संपली म्हणून मोबाइल लगेच बंद करू नका. चहा येतो, आजी पदर सावरतात आणि म्हणतात, ‘आमची आई मात्र येगळंच सांगायची.’ दुसरं रूप बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.