टप्प्याने मोजायला शिकवताना

नातीला पाढे पाठ करायला बसवण्याआधी मी पर्वतीवर नेते. १०३ पायऱ्या आहेत. पहिल्यांदा दोन-दोनने मोजायचं: एक पायरी मनात, पुढची मोठ्याने. २, ४, ६ करत १०२ आणि वर एक उरते. पुढच्या खेपेला तीन-तीनने. पुन्हा १०२, पुन्हा एकच शिल्लक. पाचने १००, उरतात तीन. "आजी, काहीच कसं पुरं बसत नाही?" हा प्रश्न मुलाकडूनच येऊ द्या, मग सांगा की १०३ ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पुरा भाग जात नाही.

उतरताना उलटं मोजा: १०३, १००, ९७, ९४. इथे मुलं अडखळतात. घाई करू नका, हवं तर पायरीवर बसू द्या.

घरी आल्यावर अशाच एकेका टप्प्याच्या चढत्या संख्या एकाखाली एक लिहून फक्त एककाच्या घरावर बोट फिरवायला सांगा. पाचमध्ये ५, ० आलटून-पालटून. चारमध्ये ४, ८, २, ६, ० आणि परत ४. तीनमध्ये मात्र दहाही अंक हजेरी लावतात, मगच ३ परततो. माझा सगळ्यात लाडका नऊ: एकक एकाने उतरतो, दशक एकाने चढतो, थेट ९० पर्यंत. ९९ ला हा क्रम मोडतो. का मोडतो, ते मुलालाच शोधू द्या.