लडाखच्या थंडीत सोलर बसवायचंय? मुंबईतून निघण्याआधीची तयारी

ठाणे-पनवेलच्या गच्च्यांवर सोलर बसवणाऱ्या आपल्या लोकांना धास्ती असते ती उन्हाची. पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं, वीज कमी मिळते. लडाखचं डिझाइन करताना ही सवय बाजूला ठेवा आणि कागदावर सगळ्यात आधी त्या गावच्या हिवाळ्यातला नीचांक लिहा. सरासरी नको, नीचांकच. पुढचा निम्मा हिशेब त्यावर चालतो.

कारण थंडीत पॅनलचं व्होल्टेज चढतं. डेटाशीटवरचा आकडा २५ अंशांचा असतो. समजा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना पॅनलच्या टोकांवर येणारं व्होल्टेज, ४६ आहे आणि ते दर अंशामागे ०.२८ टक्के बदलतं. तीन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडली की १३८ व्होल्ट. पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरची मर्यादा १५० व्होल्ट असेल, तर मुंबईत हे आरामात चालतं. उणे ३० ला फरक ५५ अंशांचा, वाढ १५ टक्क्यांवर, बेरीज १५९. कंट्रोलर जळतो. माझा जळला आहे, जानेवारीतल्या एका सकाळी, ऊन पॅनलला नुसतं लागलं तेवढ्यात. कोवळ्या उन्हाने काय होणार, असं समजू नका: व्होल्टेज चढायला थोडा उजेड पुरतो, आणि पॅनल सर्वांत गार असतं ते तेव्हाच. वाट बंद होती. नवा कंट्रोलर पोचेपर्यंत तिथल्या वसतिगृहातली मुलं अंधारात राहिली, ते अजून मनातून जात नाही. म्हणून सिरीजमध्ये दोनच पॅनल घ्या आणि स्ट्रिंग, म्हणजे अशा माळा, वाढवा.

मग बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट घेणार असाल तर शून्याखाली ती चार्ज करायची नाही. आत धातूचा लिथियम साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. कमी तापमानाला चार्जिंग आपोआप थांबवणारी बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे का, ते विकत घेण्याआधी लेखी विचारा. लेड-ॲसिड उणे २० ला जवळपास निम्मीच क्षमता देते. पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे १० च्या आसपास गोठून फुटू शकते. तेव्हा बॅटरी बँक मोठी ठेवा आणि बॅटरी फार उतरण्याआधीच लोड तोडणारं सेटिंग करा. कंट्रोलरचा तापमान सेन्सर भिंतीला नको, बॅटरीलाच चिकटवा. बॅटरी ठेवायची ती घरात, दक्षिणेकडच्या उबदार खोलीत, थर्माकोलचं अस्तर लावलेल्या पेटीत. लेड-ॲसिड असेल तर वायू बाहेर जायला वाट ठेवून.

पॅनल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरचा कोन मुंबईचा नेऊ नका. लेह ३४ अंश अक्षांशावर आहे, डिसेंबरात भरदुपारीही सूर्य जेमतेम ३२ अंश वर येतो. ५० ते ६० अंशांचा कोन दिलात तर ऊन नीट मिळतं, बर्फही घसरतो. घसरलेला बर्फ साचायला खाली जागा हवी, म्हणून पॅनलची खालची कड जमिनीपासून चांगली उंच ठेवा. पाया जमीन गोठते त्या खोलीच्याही खाली न्या, नाहीतर ती फुगून खांब वर उचलते. गोठलेल्या कोरड्या मातीत अर्थिंगही नीट लागत नाही, इलेक्ट्रोड खोल हवेत.

लोहार चाळीत खरेदी करताना साधी पीव्हीसी वायर घेऊ नका, थंडीत ती कडक होऊन तडकते. उणे ४० पर्यंत चालणारी सोलर केबल मागा. केबल, टाय, कनेक्टर यांचे नमुने ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या वाकवून बघा. उणे १८ म्हणजे लडाख नव्हे, पण जे इथेच मोडतं ते ट्रकमध्ये चढवू नका. इन्व्हर्टर ३५०० मीटर उंचीवर किती वॉट देतो, तेही विचारा. विरळ हवेत तो नीट गार होत नाही.

माल सप्टेंबरअखेर पोचायला हवा, नंतर खिंडींचा भरवसा नसतो. सोबत एक जादा कंट्रोलर, फ्यूज आणि मऊ कुंचा घ्या. पॅनलवरचा बर्फ कुंच्याने लोटायचा, फावड्याने किंवा गरम पाण्याने नाही, हे तिथल्या माणसाच्या हातून एकदा करवून घ्या.