घरून काम करून डोकं बधिर झालंय? आधी दिवस संपवायला शिका

लॅपटॉप मिटला तरी डोकं चालूच राहतं, जेवताना मोबाईल पालथा ठेवलेला असतो पण सगळं लक्ष त्याच्यातच, आणि कधीकधी तर मेसेज आलेलाच नसतो तरी टुंग ऐकू येतं. माझं असं जवळजवळ वर्षभर चाललेलं आणि मी म्हणत होतो की काम जास्त आहे. काम तेवढंच होतं हो, फक्त ते संपतच नव्हतं.

आधी हा नुसता थकवा आहे का बर्नआउट ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, तो आजार नाही तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम असं त्यांचं म्हणणं. खुणा तीन: अंगात त्राणच नाही, कामाबद्दल मन उडालंय किंवा कडवट झालंय, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटत राहतं. शनिवार-रविवार झोप काढूनही सोमवारी तसंच वाटत असेल तर नुसत्या सुट्टीने भागणार नाही, कामाची पद्धतच बदलावी लागेल.

सुरुवात मोबाईलपासून करा. ऑफिसच्या ॲपचे नोटिफिकेशन मोबाईलवर पूर्ण बंद, फक्त फोन चालू, आणि टीमला सांगून टाका की संध्याकाळी खरंच अर्जंट असेल तर फोन करा. मला वाटलेलं आता फोनचा पाऊस पडणार, पण पहिल्या आठवड्यात एकच आला आणि तोही चुकून लागलेला! मेसेज टाकायला काही लागत नाही, फोन करायचा म्हटलं की माणूस दोनदा विचार करतो.

मग दिवसाचा शेवट. ऑफिसातून घरी यायचा प्रवास कितीही कंटाळवाणा असला तरी तेवढ्यात डोकं रिकामं व्हायचं, घरी ते होत नाही, म्हणून ते मुद्दाम करावं लागतं. उद्याचं पहिलं काम कागदावर एका ओळीत लिहा, लॅपटॉप चार्जरसकट बॅगेत घाला, चेन लावा, बॅग कपाटात. चप्पल घालून १० मिनिटं बाहेर चक्कर, मोबाईल घरीच. वेडेपणा वाटेल पण ती चेन लावल्याचा आवाज आला की माझे खांदे आपोआप खाली येतात.

व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा लपवायचा पर्याय असतो, तो लावाच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची जी कारणं मांडली त्यात सतत स्वतःला बघत बसणं हे एक होतं, एका जागी जखडून बसणं हे दुसरं. जिथे स्क्रीन बघायची गरज नाही तिथे कॅमेरा बंद करून उभ्याने, फिरत बोला. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं, बास.

साहेबांशी बोलायचं अवघड असतं, मान्य. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे, आपल्याकडे असा कायदा नसला तर स्वतःच विचारावं लागतं. “मला जमत नाही” म्हणू नका, “कशाला लगेच उत्तर हवंय आणि काय उद्यावर चालेल?” असं विचारा, आणि उत्तर मेलवर घ्या, तोंडी बोलणं पुढच्या डेडलाइनला विसरलं जातं.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागत नसेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना किती दिवस कसं वाटतंय ते लिहून न्या, समोर बसल्यावर आपण “तसं बरंय” म्हणून मोकळे होतो.