चाळिशीनंतरचे डोळे: या चुका टाळा

नौपाड्यात माझं चष्म्याचं दुकान आहे, तपासणीही मीच करतो. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतं, "फक्त नंबर काढा, जरा घाई आहे." नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही, हे सांगून माझा घसा बसलाय.

सगळ्यात जास्त राग येतो तो जुने ड्रॉप्स मनानेच घालत बसणाऱ्यांचा. घंटाळीतले एक काका वर्षात तिसरा चष्मा करायला आले. "नंबरच बसत नाही हो!" नंबर तर तोच निघाला. पण आत येताना त्यांचा खांदा दाराला आपटला होता. एक डोळा झाकायला सांगून बाजूने बोट आणलं, तर जवळजवळ समोर येईपर्यंत दिसेना. डोळ्यात काही घालता का विचारलं, तर खिशातून बाटली निघाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांसाठी दिलेलं स्टेरॉइड! "बरं वाटतं" म्हणून चिठ्ठीशिवाय आणून घालतच राहिले. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातलं प्रेशर चढतं. एरवी ते साधारण १० ते २१ मिमी पारा असतं. चढलं तरी दुखत-खुपत नाही, कडेची नजर आधी जाते. काचबिंदू तो हाच. डॉक्टरांनी प्रेशर उतरवलं, पण गेलेली नजर गेलीच.

म्हणून चाळिशीनंतर प्रेशर मोजून घ्याच. ड्रॉप्सची बाटली उघडली की मी तिच्यावर मार्करने तारीख टाकतो आणि महिन्याने ती सरळ कचऱ्यात.

"मोतीबिंदू पिकू दे" हा सल्ला आजोबांच्या काळातला. आता अल्ट्रासाउंडने फोडून काढतात, कडक झालेला उलट त्रास देतो.

चष्म्याने नंबर वाढत नाही. वाचायचा नंबर साठीपर्यंत वाढतोच, चष्मा लावा नाहीतर लावू नका.

स्टेशनबाहेरचा तयार चष्मा पेपर वाचायला ठीक, पण त्यात दोन्ही काचांना एकच नंबर असतो.

डायबिटीस असेल तर वर्षातून एकदा ड्रॉप्सने बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्या. त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं, म्हणून त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा.

अचानक काळे ठिपके, चमका किंवा डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रविवारची वाट बघू नका.

आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर असलेला चष्मा, घेऊन दुसऱ्याच दिवशी परत करायला येणारे! अहो, एक-दोन आठवडे तरी द्या. सकाळी उठल्यापासून लावा, बाजूला बघताना मान वळवा. पुलाचा जिना उतरताना हनुवटी खाली घ्या. काचेचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायरी धूसर दिसते.