बाळाचा इसब: चोळणं बंद, मॉइश्चरायझर भरपूर

गाल लाल आणि खरखरीत, टाळूवर खपल्या, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला कोरडे चट्टे, आणि खाजेपायी बाळ सारखं गाल घासतंय. दोन-तीन महिन्यांनंतर असं दिसू लागलं, तर तो बहुतेक वेळा इसब असतो. लंगोटाखालची कातडी सहसा चांगली राहते. मात्र तळहात-तळपायांवर पुरळ असेल आणि घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर खरजेची शंका घ्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

इसबाच्या त्वचेचा वरचा थर कच्चा असतो. आतली ओल उडून जाते आणि साबण, घाम, धूळ आत शिरून दाह वाढवतात. म्हणून ओल टिकवायची आणि त्वचा खरवडणारं जे जे आहे ते थांबवायचं.

पहिला बदल न्हाणीघरात. कढत पाणी नको; कोपर बुडवल्यावर जेमतेम कोमट लागेल इतकंच. अंघोळ 5 ते 10 मिनिटांत उरका. साबणाऐवजी बिनवासाचं, साबणविरहित क्लीन्झर, तेही मळलेल्या जागीच. पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकू नका, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. मऊ पंचाने टिपून घ्या, पुसू नका. अंग दमट असतानाच, साधारण 3 मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावा. उशीर झाला की अंघोळीनंतर त्वचा उलट जास्त ओढल्यासारखी होते.

मॉइश्चरायझर दाट आणि बिनवासाचं हवं. साधी पेट्रोलियम जेली स्वस्त आहे आणि उत्तम काम करते. उकाड्यात ती चिकट वाटली, तर दिवसा क्रीम आणि रात्री जेली असं करा. बहुतेक घरांत चूक होते ती प्रमाणात. चट्ट्यांपुरता ठिपका लावून भागत नाही. सगळ्या अंगाला, दिवसातून किमान 2-3 वेळा लावायचं. तान्ह्या बाळाला आठवड्याला 100 ग्रॅमच्या आसपास सहज लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल, तर तुम्ही फार कमी लावताय. डबीत बोट न घालता स्वच्छ चमच्याने काढा आणि लव ज्या दिशेला असते त्या दिशेने अलगद पसरवा. दूध किंवा पेज भरवण्याआधी हनुवटीला आणि गालांना जेली लावली, की लाळ आणि खरकटं झोंबत नाही.

आता मालीश आणि डाळीचं पीठ. इथे आजींशी आणि मालीशवाल्या मावशींशी शांतपणे बोलावं लागेल. मालीश बंद करायची गरज नाही, पण हात हलका हवा. कातडी फुटलेली नसेल तर खोबरेल तेल बहुतेक बाळांना चालतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल टाळा. त्यांनी त्वचेचा थर कमकुवत होतो. पीठ चोळल्याने कच्चा थर खरवडला जातो. डाळीचं पीठ, दुधाची साय, बदाम तेल यांत आणखी एक धोका आहे: खाद्यपदार्थांतली प्रथिनं फुटलेल्या त्वचेतून आत गेली, तर त्याच पदार्थाची ॲलर्जी जडू शकते. हळद, कडुनिंब, लिंबू ओल्या चट्ट्यांवर झोंबतात. धुरीही नको. धुराचा त्रास होतोच, शिवाय जेली मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, म्हणून निरांजन-समईपासूनही बाळाला लांब ठेवा.

अंगात धुऊन मऊ झालेलं सुती झबलं घाला. लोकरीचा स्वेटर थेट अंगाला लागू देऊ नका. कपडे एकदा जास्त खळबळून काढा, म्हणजे साबण उरत नाही. घाम आला की ओल्या फडक्याने टिपा, पावडर नको. नखं कायम कापलेली असू द्या.

चट्टे लालभडक होऊन बाळाची झोप उडाली, तर फक्त मॉइश्चरायझरवर राहू नका. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मलम सांगितलेले दिवस, सांगितल्याइतकंच लावलं तर सुरक्षित असतं. घाबरून ते टाळलं, तर खाजवून जखमा वाढतात. मलम आणि मॉइश्चरायझर यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी खाज-बुरशीची मिश्र मलमं मात्र बाळाला अजिबात लावू नका; त्यांत अनेकदा फार तीव्र स्टिरॉइड असतं. तसंच आईच्या किंवा बाळाच्या आहारातून स्वतःच्या मनाने दूध, अंडी काढू नका. कोणता पदार्थ बंद करायचा ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पिवळी खपली, पू किंवा चट्ट्यांतून पाणी वाहणं, ताप, किंवा दुखऱ्या बारीक फोडांचा पुंजका दिसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ओठावर ताप उतलेल्या, म्हणजे बारीक फोड आलेल्या, कुणालाही या बाळाचा पापा घेऊ देऊ नका. त्या फोडांतला विषाणू इसबाच्या त्वचेवर झपाट्याने पसरतो.