‘रिप्लाय’ दाबल्यावर मेल कुणाला जातो, ते आधी ठरवा

आमच्या सोसायटीचा गूगल ग्रुप, म्हणजे एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सदस्यांना मेल जातो ती सोय, मी सांभाळते. एकदा ४०३ मधल्या काकांनी लिहिलं, "२०२ वाल्यांचा मेंटेनन्स सहा महिने थकलाय, लिफ्टपाशी नोटीस लावू या का?" त्यांना वाटलं, मेल एकट्या सेक्रेटरींना चाललाय. गेला ऐंशी घरांत. २०२ मधल्या वहिनी त्या वर्षी गणपतीच्या आरतीलासुद्धा खाली आल्या नाहीत.

चूक काकांची नव्हे, माझी. प्रत्येक मेलच्या ‘रिप्लाय-टू’ (उत्तर कुठे जाणार) या ओळीत ग्रुपचा पत्ता जाईल असं मीच ठेवलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

घाबरून उलटं केलं. ग्रुप सेटिंग्ज, ‘ईमेल ऑप्शन्स’, ‘पोस्ट रिप्लाइज टू’, आणि उत्तर फक्त लिहिणाऱ्याला. (असे ग्रुप-मेल चालवणारं मेलमन हे जुनं सॉफ्टवेअरही हेच सुचवतं.) भांडणं थांबली, पण बोलणंही आटलं. टाकी धुणाऱ्याचा नंबर एकीने विचारला, तिघांनी तिला परस्पर कळवला. महिन्याभरात दुसऱ्याचा तोच प्रश्न! जुने मेल चाळले तर नुसते प्रश्न, उत्तर एकही नाही.

आता दोन ग्रुप आहेत. पाणी कधी बंद, सभा कधी, असल्या सूचनांचा एक. त्यातली उत्तरं फक्त मॅनेजरांना, म्हणजे मला आणि सेक्रेटरींना. दुसरा चर्चेचा, तिथली सगळ्यांना. थकबाकीचा विषय दोन्हीकडे बंद.

चर्चेच्या ग्रुपवर एकट्याला लिहायचं असेल तर ‘रिप्लाय’ उपयोगाचं नाही. नवा मेल उघडून पत्ता हाताने घालायचा. याहूवाल्यांचा तर पत्ताच दिसत नाही. २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्याने दुसरीकडून मेल पाठवण्याचे नियम कडक केले, तेव्हापासून त्यांच्या मेलवर पाठवणारा म्हणून ग्रुपचाच पत्ता येतो. म्हणून सदस्यांची यादी वेगळी ठेवा.

फुटरमध्ये, म्हणजे ग्रुपच्या प्रत्येक मेलच्या तळाशी आपोआप येणाऱ्या ओळीत, मराठीत लिहा: ‘उत्तर दिलंत तर सगळ्यांना जाईल.’ कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ (पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत) ३० सेकंदांवर न्या, मुळात ते पाचच असतात. काकांचं मी घरी जाऊन करून दिलं.

सेटिंग बदललं की दुसऱ्या आयडीवरून एक मेल टाका, आपल्या आयडीवर तो उघडून ‘रिप्लाय’ दाबा आणि ‘टू’मध्ये कुणाचा पत्ता येतो ते बघा. सेंड मात्र करू नका.